रिलीव्हर आल्याशिवाय

“खोटं बोलतोय तो. त्याचा हात बघा.”

मागून आवाज आला तेव्हा माझ्या हातात कुंचला होता आणि कुंचल्याच्या टोकासमोर दीड फुटी गणपतीचं डावं बुबुळ. अशा वेळी आमच्या हमरापुरात कुणी शिंकतसुद्धा नाही. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, आमच्या कारखान्यात नऊ वर्षं माझ्याकडे आहे, आणि बुबुळ टेकवताना मी श्वाससुद्धा घेत नाही. आणि हा कोण कुठला, बुटांसकट आत आलेला, मला माझ्याच मालिकेत काय चाललंय ते सांगत होता.

मी आधी बुबुळ पुरं केलं. मग वळले.

निळा कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज, त्यांच्यावर आमच्या कारखान्याची पांढरी धूळ. त्याची नजर माझ्याकडे नव्हतीच. ती रंगाच्या डब्याला टेकवलेल्या माझ्या फोनवर होती.

एक गोष्ट आधीच सांगते. कामाच्या वेळी मी मालिका बघत नाही, ऐकते. डोळे गणपतीच्या डोळ्यांवर, कान फोनवर. बघायचं ते संध्याकाळी, हात धुऊन. दर शुक्रवारी दुपारी ‘शनीपल्याड’ या अंतराळातल्या मालिकेचा नवा भाग येतो. कप्तान अगस्ती यान चालवणाऱ्या तारिणीला म्हणाला होता, “इंधन दोघांना पुरेल,” आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. त्याचा आवाजच तसा आहे. निदान संध्याकाळपर्यंत तरी मला तो विश्वास ठेवायचा होता.

“तुम्ही कोण?” मी विचारलं.

“साईराज. कासूचा. गणपती सांगायला आलोय.”

“मग गणपती सांगा. गोष्ट कशाला सांगता?”

तो दचकला. मग कानापर्यंत लाल झाला... आणि तरी थांबला नाही. “नाय, म्हणजे, हात त्याचा वाल्ववर हाय. आणि वाल्व उलटा फिरवलाय. बंद करायच्या दिशेला फिरवून म्हणतो उघडला. धाटावला आमच्या कंपनीत असं कुणी केलं तर—”

“हे धाटाव नाय,” मी म्हटलं. “शनीच्या पलीकडे हाय.”

“वाल्व सगळीकडं तसाच फिरतो.”

कोपऱ्यात ठमाबाई पॉलिश पेपरने एका मूर्तीची सोंड घासत होती. तिचा हात थांबला. “गो मनाली,” ती म्हणाली, “ह्यो गिऱ्हाईक हाय का प्लंबर?”

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वहीत नाव लिहून घेतलं. कासूच्या त्या घरचा गणपती वर्षानुवर्षं आमच्याकडूनच जातो आणि पहिली नोंद आपलीच असावी असा त्याच्या वडिलांचा हट्ट, म्हणून फेब्रुवारीतच पोराला पाठवलेलं. जाताना त्याने दारातून वळून पाहिलं. माझ्याकडे की फोनकडे, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी रागाने फोन पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या ग्रुपवर हजर. पेणमध्ये निलेशचं मोबाइलचं दुकान आहे. पेण ते रोह्यापर्यंतच्या ‘शनीपल्याड’च्या सदतीस वेड्यांचा ग्रुप त्याने केलाय. या सदतिसांत भर पडली ती चुका काढणाऱ्याची. ऑक्सिजनच्या नळीला रंग चुकीचा. दाब मोजायचा काटा शून्यावर आणि माणसं म्हणे दाबाने मरतायत. इथे आम्ही तारिणीसाठी जीव मुठीत धरून बसलेले, आणि हा काटा बघत होता. मला इतका संताप यायचा की काय सांगू.

टाइप करायला माझे हात मोकळे नसतात, म्हणून मी आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. तीन मिनिटं, पाच मिनिटं. तो लिहून उत्तर द्यायचा, तेही तीननंतर, कारण कंपनीच्या गेटवर फोन काढून ठेवायला लागतो आणि पहिली पाळी तीनला सुटते. आमचं सगळ्यात मोठं भांडण चौथ्या भागावरून झालं. त्या भागात तारिणी, बदली माणूस यायच्या आधीच, पहारा सोडून जेवायला गेली. बस. साईराजने सतरा ओळी लिहिल्या. त्या मला अजून पाठ आहेत.

“रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय. तो आला तरी नुसतं निघायचं नाय. काय चालू, काय बंद, कुठं गळतंय, काय करायचं राहिलंय, सगळं तोंडी सांगायचं, वहीत लिहायचं, त्याची सही घ्यायची. याला हँडओव्हर म्हणतात. रिलीव्हर नाय आला तर ड्युटी चालू. मग आठ तास होवोत नायतर सोळा.”

“तिला भूक लागली होती,” मी आवाज पाठवला. “तुमच्या धाटावला भूक लागत नाय का कुणाला?”

“लागते. डबा जागेवर खातात.”

शेवटी निलेशने ग्रुपवर लिहिलं, “तुम्ही दोघं बाजूला जाऊन भांडा. बाकीच्यांना मालिका बघायची आहे.” म्हणून आम्ही बाजूला गेलो. त्यात माझा काही दोष नाही.

बाजूला गेल्यावर माझे आवाज लांबत गेले. आठ मिनिटं, दहा मिनिटं. सुरुवात तारिणीपासून व्हायची आणि मध्येच ठमाबाईची सून, पेणच्या बाजारातला कोलंबीचा भाव, या वर्षी निळा पितांबर मागणारी माणसं, असं काहीही यायचं. तो ते सगळं परतीच्या बसमध्ये ऐकायचा. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. पहिल्यांदाच.

“चौदा,” तो म्हणाला.

“काय चौदा?”

“आज चौदा डोळे काढलेस. सात गणपती.”

“तुला कोणी सांगितलं?”

“तूच. बोलता बोलता तू गप होतेस. श्वास पण नाय येत ऐकू. मग एकदम ‘तर काय सांगत होते’ म्हणतेस. आज चौदा वेळा झालं.” तो थोडा घुटमळला. “पहिल्यांदा मला वाटलं नेटवर्क गेलं. मग... मग मी मोजायला लागलो.”

 नऊ वर्षं मी डोळे काढतेय. लोक मूर्तीचे डोळे बघतात, हात जोडतात, घेऊन जातात. माझ्या गप्प बसण्याचा कुणी हिशेब ठेवला नव्हता. मला तो आवडला होता, हे मला तिथेच कळलं, आणि कळल्यावर त्याचाही राग आला. इतक्या चुका काढणारा माणूस कुणाला आवडतो का?

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सातवा भाग आम्ही निलेशच्या दुकानात बसून पाहिला. एक फोन, तिघे जण, कूलरची गार हवा. साईराजने कागदी पिशवीत त्यांच्या शेतातले कडवे वाल आणले होते.

“मुलीला कुणी वाल देतं का?” निलेशने विचारलं.

“चांगले हायत,” साईराज गंभीरपणे म्हणाला. “भिजवले की सगळे मोडावतात. एक पण दडा नाय निघायचा.”

भाग अर्धा झाला तेव्हा मला जाणवलं, तो फोनकडे बघतच नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता. नखांच्या कडेला काळा रंग राहिला होता, कितीही घासला तरी राहतोच. मी हात ओढणीखाली घेतला.

“राहू दे की,” तो हळूच म्हणाला.

त्या भागात चंद्रावरच्या तळाला आग लागली, दोन माणसं गेली, वाल्व म्हणे पुन्हा उलटा फिरला, आणि साईराजला एकही चूक सापडली नाही. घरी येऊन मी वाल भिजवले. दुसऱ्या दिवशी मोजले. खरंच, एकही दडा, म्हणजे न भिजलेला दाणा, नव्हता.

आणि मग मे महिन्यात शेवटचा भाग आला. तेवढा एक मी संध्याकाळची वाट न बघता, काम थांबवून दुपारीच बघितला.

त्या भागाबद्दल बोलताना अजूनही माझं डोकं तापतं. तळ फुटणार असतो. छोट्या यानात एकालाच जागा आहे आणि पलीकडच्या तळावर जाऊन मदत आणायची आहे. परत येता येईल की नाही, माहीत नाही. तारिणी झोपलेली आहे. कप्तान अगस्ती तिच्या अंगावर पांघरूण घालतो, पंधरा सेकंद तिच्याकडे बघतो, मागे बासरी वाजते, आणि तो निघून जातो. न सांगता. अख्खा ग्रुप रडत होता. कुणी म्हणे, याला म्हणतात प्रेम. मला तर हातातला कुंचला फोनवर फेकावासा वाटला. याला प्रेम म्हणतात? तिला उठवायला काय झालं होतं? पाच वर्षं जिने यान चालवलं, तिला एवढं पण विचारायचं नाही, की बाई, मी जाऊ का?

अकरा मिनिटांचा आवाज पाठवला मी. संध्याकाळी उत्तर आलं. दोन ओळी.

“कप्तानाने बरोबर केलं. सांगितलं असतं तर तिलाच त्रास झाला असता.”

मी ते चारदा वाचलं. मग फोन केला. त्याने उचलला नाही. पुढचे पाच दिवस ‘शिफ्ट आहे’, ‘दमलोय’, ‘नंतर बोलू’. चिडून मी आवाज पाठवणं बंद केलं. काम गुपचूप करायला लागले. ठमाबाई म्हणाली, “गो, तुझी मालिका संपली का तू?” 

सहाव्या दिवशी सकाळी आबांना फोन आला. फोन कासूचा होता, साईराजच्या वडिलांचा. आबा मोठ्याने बोलतात, समोरचा दूर आहे म्हणून. “व्हय व्हय... दहेजला? गुजरातला? एक तारखेला?... बरं, दीड वर्ष म्हंजे बराच काळ झाला... नाय, काय काळजी नको. पोरगा नसला न्यायला तरी टेम्पोने पाठवतो ना मूर्ती.”

माझा कुंचला बुबुळावर होता. रेघ सरकली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो गणपती बाजूच्या भिंतीकडे बघायला लागला. मी फडक्याने डोळा पुसला आणि पुसताना माझ्या ध्यानात आलं.

यानाचा कप्तान, बदली माणूस नाही, वहीत नोंद नाही, सही नाही, हँडओव्हर नाही, जागा सोडून निघून गेला. तारिणी जेवायला गेली तर ज्याने सतरा ओळी लिहिल्या, त्या साईराजला यात काहीच चूक दिसली नाही? दिसली होती. त्याला ती चांगली दिसली होती. तो स्वतः तीच करणार होता.

मी उठले. हात धुतले नाहीत.

“कुठं निघालीस?” आबांनी विचारलं.

“धाटावला. भांडायला.”

आबांनी ठमाबाईकडे पाहिलं. ठमाबाईने सोंड घासत मान हलवली. “जाऊ दे तिला. नायतर आज सगळे गणपती तिरळे निघतील.”

हमरापूरहून रोह्याला गाडीने, पुढे धाटावला सहा आसनी रिक्षाने. कासू स्टेशन मध्येच येऊन गेलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तीनला दहा कमी असताना मी कंपनीच्या गेटसमोर उभी होते. ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्या पाळीची माणसं आत चालली होती, डबे हलवत. वॉचमनने विचारलं, “कुणाला भेटायचंय, मॅडम?”

“ऑपरेटर साईराज. भेटायचं नाय. भांडायचंय.”

तो शहाणा माणूस होता. त्याने सावलीतली स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही.

भोंगा झाला. माणसं बाहेर यायला लागली. साईराजने मला लांबूनच पाहिलं आणि त्याची चाल मंद झाली. जवळ आला तेव्हा तो माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या न धुतलेल्या हातांकडे बघत होता.

“मनाली... तू इथं?”

“हँडओव्हर दिलास?” मी विचारलं.

“दिला ना. आत्ताच, वहीत—”

“मला दिलास का?”

 मागे बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. साईराजने त्याला हाताने जायला सांगितलं. खिडक्यांतून वीसेक डोकी बाहेर आली होती. बस गेली.

“कुणी सांगितलं?” त्याने विचारलं.

“तुझ्या वडिलांनी. माझ्या वडिलांना. मूर्ती टेम्पोने पाठवा म्हणाले. टेम्पोच्या निमित्ताने कळलं मला.”

“नवीन प्लांट हाय, मनाली. चालू करायला इथली माणसं नेतायत. दीड वर्ष. असा चान्स परत नाय येत.”

“मी जाऊ नको म्हटलं?”

“नाय.”

“मला विचारलंस?”

“काय विचारणार?” त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आपलं काय ठरलं होतं का? आपण मालिकेवर बोलायचो. मालिका संपली. तू हमरापूर सोडून कुठं जाणार नाय, आखणी तुझ्या हातात. मी थांब म्हटलं असतं तर तू अडकली असतीस. म्हणून म्हटलं... आपलं आपण जावं.”

“म्हणजे प्रश्न पण तूच विचारलास आणि माझं उत्तर पण तूच दिलंस. वा. तारिणीचं पण असंच झालं, पण ती निदान झोपली होती. मी जागी होते, साईराज. रोज जागी होते.” माझा आवाज कापायला लागला आणि मला त्याचीही चीड आली. “अकरा अकरा मिनिटं मी मालिकेवर बोलत होते असं वाटलं तुला? कोलंबीचा भाव मालिकेत होता? चुका काढतोस ना सगळ्यांच्या? काटा दिसतो, नळीचा रंग दिसतो, आणि एक बाई रोज सगळा दिवस तुला सांगतेय, ते नाय दिसलं?”

वॉचमनने दुसरीकडे बघायचा खूप प्रयत्न केला.

 साईराजने शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली, पेन काढलं, आणि वही भिंतीला टेकवून लिहायला लागला. मला वाटलं याला वेड लागलं. लिहून झाल्यावर त्याने घसा साफ केला आणि वाचलं, अगदी कंपनीत वाचतात तसं, सपाट आवाजात.

“तारीख अठ्ठावीस मे. पहिली पाळी. चालू काय, तर रोज तीन वाजता मनालीचा आवाज ऐकणं, डोळे मोजणं. बंद काय, तर माझं तोंड. गळती नाय. दाब हाय. फेब्रुवारीपासून चढतोय, काटा बघून पण नोंद केली नाय, ही माझी चूक.” तो थांबला. सपाट आवाज सपाट राहिला नाही. “राहिलेलं काम एकच. मनालीला विचारायचं, माझ्याशी लग्न करशील का. दीड वर्ष थांबायला लागेल. उत्तर तिनं द्यायचंय. मी नाय.”

त्याने वही पुढे केली, पेन पुढे केलं. “इथं खाली रिलीव्हरची सही लागते.”

मी ती वही पाहिली. अक्षर वाकडं होतं, ‘मनाली’ मात्र नीट काढलं होतं. मी पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि पेन त्याच्या खिशात परत खोचलं. त्याचा चेहरा असा पडला की मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

“रिलीव्हर आलेला नाय,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“नियम तुझा हाय. रिलीव्हर नाय आला तर काय?”

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग हळूहळू त्याच्या कानांपर्यंत लाली चढली, पहिल्या दिवशी चढली होती तशीच.

“ड्युटी चालू,” तो म्हणाला.

“दहेजला जा नायतर शनीपल्याड जा. पण सुट्टी नाय.”

“किती तास?”

“ते आबांना विचार. आज कासूला उतरू नको, सरळ हमरापूरला ये. आणि बूट बाहेर काढ या वेळी.”

तो एक तारखेला गेला. मी स्टेशनवर रडले, उगाच खोटं कशाला बोलू. पण सांगून गेला, आणि त्यामुळे रडायला एक माणूस समोर होता. दहेजलाही फोन गेटवरच ठेवतात. माझे आवाज तसेच जात राहिले. संध्याकाळी नुसता आकडा यायचा. अठरा. बावीस. एकदा बारा आला आणि खाली, “आज कमी का? बरं नाय का?” मला खरंच ताप होता.

श्रावण संपला तसे टेम्पो लागायला लागले. मूर्ती एकेक करून निघाल्या. फळीवर एकच राहिली, दीड फुटी, पितांबर, शेला, दागिने सगळं पुरं. डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग.

“कासूचा गणपती का राहिलाय?” आबांनी चौथ्यांदा विचारलं. “त्यांचा फोन येतोय. उद्या चतुर्थी. डोळ्यांशिवाय मूर्ती पाठवू काय मी?”

“पाठवायची नाय,” मी म्हटलं. “न्यायला माणूस येईल.”

“आणि नाय आला तर?”

 नाही आला तर काय, हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. कासूच्या घरात रिकामा चौरंग, आणि तो माझ्यामुळे. बारा वाजले. दोन वाजले. ठमाबाई उगाचच स्वच्छ जागा झाडत होती. मी काळा रंग कालवला, तो सुकला, पुन्हा कालवला.

तीन वाजून गेले आणि दाराबाहेर कुणीतरी बूट काढल्याचा आवाज आला.

मी मागे वळले नाही. वळले असते तर हात स्थिर राहिला नसता. कुंचला उचलला आणि बोलायला सुरुवात केली, कारण राग आधीपासूनच तयार होता. “नवा सीझन बघितला? अगस्ती परत आला. आणि तारिणीने काय केलं? एक शब्द नाय बोलली. एक. जो माणूस तिला झोपेत टाकून—”

उजवं बुबुळ आलं. मी श्वास धरला.

“एक,” मागून आवाज आला. प्रवासाने बसलेला, पण तोच.

मी श्वास सोडला. “—टाकून गेला, त्याला सरळ मिठी मारली तिने. माफ पण केलं. मी असते ना, तर त्याला आधी गेटवर उभा केला असता आणि—”

डावं बुबुळ. कारखान्यात कुणी हललं नाही. झाडूसुद्धा थांबला.

“दोन,” तो म्हणाला, अगदी जवळून. “आता घरी न्यायला हरकत नाय ना?”

“गणपतीला,” मी म्हटलं.

“व्हय,” साईराज म्हणाला. “आधी गणपतीला.”